११ जूनला राजेश पायलटच का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी ११ जूनच्या संध्याकाळी नेरुळमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही पंचवीस-तीस माणसं जमतो आणि राजेश पायलट यांच्याबद्दल दोन तास बोलतो. हवाई दल सोडून राजकारणात आलेले हे काँग्रेसचे केंद्रीय मंत्री, आणि ११ जून हा त्यांचा स्मृतिदिन. मी हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालो. माझा ट्रेड एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमान उडवणारा नव्हे, उडवणाऱ्याला धड विमान देणारा. जिन्यात, भाजीवाल्यापाशी, व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाची उत्तरं लिहून ठेवली. काही प्रश्न कार्यक्रमाचे आहेत, काही माणसाचे. क्रम लावलेला नाही. ज्या क्रमाने लोक विचारतात, तसेच घेतले आहेत.

नेरुळचा आणि राजस्थानातल्या खासदाराचा संबंध काय?

हा प्रश्न पहिल्याच वर्षी आमच्या सेक्रेटरींनी हॉलची पावती फाडताना विचारला होता. जन्म, घर, मतदारसंघ या नात्याने पाहिलं तर संबंध काहीच नाही. जन्म १० फेब्रुवारी १९४५ चा, आजच्या ग्रेटर नोएडाजवळच्या वैदपुरा गावातला. पहिली निवडणूक भरतपूरमधून, पुढचं राजकारण दौसामधून. मराठी त्यांना येत असेल असं समजायला काही कारण नाही.

पण न्हावा-शेवा बंदर सुरू झालं तेव्हा बंदरांचं खातं त्यांच्याकडे होतं. तुमच्या खिशातलं लायसन्स ज्या कायद्याखाली निघतं, तो कायदा त्यांच्या खात्याच्या काळातला. आपण पाम बीच रोडवरून गाडी हाकतो आणि उरणच्या दिशेने जाणाऱ्या कंटेनरच्या रांगेला शिव्या घालतो, त्यातलं बरंच काही त्यांच्या खात्याच्या चार वर्षांत, १९८५ ते १९८९ मध्ये, ठरलं. माझ्यासाठी एवढा संबंध पुरेसा आहे. सेक्रेटरींनाही पटला असावा. भाडं मात्र पूर्ण घेतलं.

'पायलट' हे खरं आडनाव होतं का?

नाही. मूळ नाव राजेश्वर प्रसाद, आडनाव बिधुरी, गुर्जर शेतकरी कुटुंब. १९८० च्या निवडणुकीच्या वेळी भरतपूरमध्ये नवा उमेदवार कोण म्हणून चौकशी झाली, तेव्हा 'तो पायलट येतोय' एवढंच लोकांना ठाऊक होतं. मग प्रतिज्ञापत्र करून नावच राजेश पायलट केलं, असं सांगतात. सल्ला संजय गांधींचा होता, असंही सांगतात. तपशील सांगणाऱ्यागणिक थोडा बदलतो, पण नाव प्रचारात चिकटलं आणि पुढे कागदावर आलं, एवढं सगळीकडे सारखं आहे.

आपल्याकडे कुणाला यात नवल वाटू नये. कुलकर्णी, देशपांडे, चिटणीस, फडणीस, पोतनीस ही सगळी एकेकाळची कामंच. काम गेलं, आडनाव राहिलं. मुंबईच्या पारशांत तर इंजिनीअर आणि कॉन्ट्रॅक्टर आहेतच, आणि दोघेही भारताकडून क्रिकेट खेळून गेले. फरक इतकाच की या माणसाने काम सोडलं आणि त्याच वेळी ते आडनाव म्हणून घेतलं. विमान उडवणं थांबल्यावर ते पायलट झाले. पुढच्या पिढीकडेही हेच आडनाव गेलं. त्यांचा मुलगा सचिन पायलट, त्यांना आज कुणी बिधुरी म्हणत नाही.

दूध घालायचे ती गोष्ट खरी की भाषणातली?

खरी. लहानपणी ते दिल्लीत नातेवाइकांच्या डेअरीवर राहायचे, गाई-म्हशींचं करायचे आणि मध्य दिल्लीतल्या मंत्र्यांच्या, बड्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांवर दुधाचा रतीब घालायचे. शाळा सांभाळून. पुढे त्याच भागात मंत्री म्हणून राहिले.

एक कबुली. ही गोष्ट मी कार्यक्रमात मुद्दाम थोडक्यात आटपतो. ती इतकी सुबक आहे की ऐकणारा तिथेच अडकतो. 'दूधवाला मंत्री झाला' म्हटलं की माना डोलतात आणि मधली वीस वर्षं कुणाला ऐकायचीच नसतात. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट त्या वीस वर्षांत आहे. पहाटे उठून दूध घालणारा मुलगा हवाई दलाच्या निवडीतून पार पडतो, तेव्हा त्याला गणित येतं, इंग्रजी येतं, प्रकृती खणखणीत असते आणि निवड मंडळासमोर त्याचे पाय लटपटत नाहीत. या चार गोष्टी कोणत्या डेअरीत मिळतात?

हवाई दलात ते नेमके कोण होते?

२९ ऑक्टोबर १९६६ ला कमिशन मिळालं, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक झाली. १९७१ च्या युद्धात पूर्व पाकिस्तानवरच्या मोहिमांत त्यांनी भाग घेतला. हुद्दा स्क्वाड्रन लीडरपर्यंत पोचला, म्हणजे लष्करातल्या मेजरच्या बरोबरीचा. हवाई दलाशी संबंध नसलेल्यांना 'लीडर' ऐकून फार मोठा अधिकारी वाटतो, आणि कुणी ना कुणी 'म्हणजे अख्ख्या स्क्वाड्रनचे प्रमुख का?' असं विचारतंच. नाही. लढाऊ स्क्वाड्रनची कमान साधारणपणे विंग कमांडरकडे असते. स्क्वाड्रन लीडर हा मधला, कामाचा अधिकारी. रोज उडणारा, ज्युनिअरांना शिकवणारा, ब्रीफिंगला उभा राहणारा.

मी बेळगावच्या सांबऱ्याला ट्रेनिंगला गेलो ते १९८२ मध्ये. तोवर ते हवाई दल सोडून खासदार झालेले होते. त्यामुळे 'तुम्ही त्यांच्या विमानावर काम केलंत का' याचं उत्तर, नाही. भेट? तीही नाही. मेसमध्ये त्यांचं नाव निघायचं ते असं: एखाद्याला पोस्टिंग आवडली नाही की दुसरा म्हणायचा, मग काय, पायलट होतोस का? त्याचा अर्थ, राजीनामा देऊन निवडणूक लढवतोस का.

त्यांनी मिझोरामवर बॉम्ब टाकले होते ना?

नाही. हा प्रश्न ऑगस्ट २०२३ पासून जोरात आहे. ५ मार्च १९६६ ला आयझॉलवर हवाई दलाने कारवाई केली, हा इतिहास आहे. त्या विमानांत राजेश पायलट आणि सुरेश कलमाडी होते, असा दावा समाजमाध्यमांवर फिरला. त्यावर सचिन पायलट यांनी वडिलांच्या कमिशनचा कागदच लोकांसमोर ठेवला. तारीख २९ ऑक्टोबर १९६६. मार्चमध्ये जो हवाई दलाचा अधिकारीच नव्हता, त्याने मार्चमध्ये बॉम्ब टाकणं शक्य नाही. वडिलांनी बॉम्ब जरूर टाकले, पण ते १९७१ च्या युद्धात पूर्व पाकिस्तानवर, असं त्यांनी त्याच वेळी सांगितलं.

एक फौजी म्हणून माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. समजा ते १९६६ च्या मार्चमध्ये सेवेत असते आणि त्यांना आदेश मिळाला असता, तर? आदेश देणारा दिल्लीत बसतो, पाळणारा कॉकपिटमध्ये. आयझॉलबद्दल प्रश्न विचारायचेच असतील, आणि विचारायलाच हवेत, तर ते कॉकपिटला विचारून उत्तर मिळणार नाही.

चांगली नोकरी सोडून राजकारणात का गेले?

१९७९ मध्ये त्यांनी हवाई दल सोडलं आणि जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत ते भरतपूरमधून काँग्रेसतर्फे निवडून आले. त्यांना आधी बागपतला, थेट चौधरी चरणसिंगांसमोर उभं राहायचं होतं आणि इंदिरा गांधींनी त्यांना नोकरी सोडू नका असं सुचवलं होतं, अशी हकीकत सांगितली जाते.

का गेले हे मी कसं सांगणार? पण काय सोडून गेले ते सांगू शकतो. १९६६ ते १९७९, तेरा वर्षं. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी वीस वर्षं लागतात. वय चौतीस. १९७४ मध्ये लग्न झालेलं, घरी लहान मूल. फौजेत राहणाऱ्याला घर, रेशन, दवाखाना, शाळा यांची चिंता नसते. ते सगळं एका सहीनिशी जातं. आणि पुढे काय? एका अनोळखी मतदारसंघातलं तिकीट. आमच्या कार्यक्रमाला येणारे माजी सैनिक या उत्तरापाशी गप्प होतात. बाकीचे लगेच पुढचा प्रश्न विचारतात.

मंत्री म्हणून केलं काय? फक्त आपल्या भागापुरतं सांगा.

हे सविस्तर सांगतो, कारण कार्यक्रमाचा अर्धा वेळ यातच जातो.

१९८५ ते १९८९ ते राजीव गांधींच्या सरकारात भूपृष्ठ परिवहन राज्यमंत्री होते. 'भूपृष्ठ परिवहन' हा शब्द आता गेला. त्या एका खात्यात रस्ते होते, बंदरं होती, जहाजं होती. आज ती कामं वेगवेगळ्या मंत्रालयांत वाटलेली आहेत. म्हणजे आकाशातून आलेल्या माणसाला जमीन आणि पाणी दिलं होतं.

पहिली गोष्ट बंदर. मुंबई बंदर शहराच्या पोटात. बाहेर पडायला रस्ता नाही, मागे पसरायला जागा नाही. कंटेनर नावाची गोष्ट जगभर रुळली होती आणि तिला क्रेन, मोकळं आवार आणि थेट रेल्वे लागते. म्हणून खाडीपलीकडे न्हावा आणि शेवा या गावांपाशी नवं बंदर बांधलं. २६ मे १९८९ ला ते सुरू झालं, जवाहरलाल नेहरूंचं नाव लागलं. आज देशाच्या मोठ्या सरकारी बंदरांवर जे कंटेनर हाताळले जातात, त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या या बंदरातून जातात. हे बंदर पायलटांनी 'बांधलं' असं मी म्हणत नाही. प्रकल्प त्यांच्या आधीपासून चालू होता, घाम हजारोंचा होता. बंदराचं काम पुरं होऊन जहाज लागेपर्यंतच्या काळात ते त्या खात्याचे मंत्री होते. मंत्र्याच्या नावावर याहून जास्त लिहायला मला आवडत नाही, आणि याहून कमीही नाही.

दुसरी गोष्ट कायदा. १९३९ चा इंग्रजांच्या काळातला मोटार वाहन कायदा जाऊन १९८८ चा नवा आला आणि १ जुलै १९८९ ला लागू झाला. शिकाऊ लायसन्स, पक्कं लायसन्स, विमा, परमिट, अपघाताची भरपाई, सगळं त्याच चौकटीत. त्यात नंतर खूप दुरुस्त्या झाल्या, २०१९ ची मोठी. पण घराचा पाया तोच. नव्या पद्धतीच्या नंबरप्लेटही त्याच सुमारास आल्या. त्याआधीच्या स्कूटरांचे तीन अक्षरी नंबर आमच्या वयाच्या माणसांना पाठ असतात. मग 'एमएच' आलं आणि पुढे आरटीओचा आकडा. ठाण्याचा ०४, कल्याणचा ०५, आणि नंतर नवी मुंबईचा ४३, पनवेलचा ४६. ठाण्याचा माणूस आजही '०४' वाली गाडी दिसली की नाशिकच्या घाटातही हॉर्न वाजवून ओळख देतो. त्या ओळखीचं मूळ हे.

तिसरी गोष्ट, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा कायदा. तोही १९८८ चा. प्राधिकरण प्रत्यक्ष कामाला लागलं ते १९९५ मध्ये, म्हणून ते कुणाला आठवत नाही. टोलनाक्यावर थांबल्यावर शिव्या कुणाला द्यायच्या, हा प्रश्न मात्र नेहमी येतो. त्याचं उत्तर या पानावर देत नाही.

पण आमच्या जमिनी त्यांच्याच काळात गेल्या. त्यांचं स्मरण आम्ही का करावं?

हा प्रश्न उरणकडून येणारे दोघे-तिघे दरवर्षी विचारतात. आता नेरुळ-उरण लोकल सुरू झाल्यापासून ते शेवटपर्यंत थांबतातही. त्यांना मी कधी 'बसा' म्हणून गप्प केलेलं नाही.

तारखा बघू. नवी मुंबईसाठी जमिनी घेण्याचा निर्णय १९७० चा. रास्त भावासाठीचा लढा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला आणि जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार झाला. दोन दिवसांत पाच जण गेले. त्या वेळी पायलट साधे खासदार होते, खातं नव्हतं. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या आंदोलनातून आली, कुणा मंत्र्याच्या दयेतून नाही. त्यामुळे जमिनी गेल्याचा दोष त्यांच्या माथी मारणं तारखेत बसत नाही.

पण बंदर सुरू झालं तेव्हा खातं त्यांचं होतं, आणि प्रकल्पग्रस्तांचे प्रश्न तेव्हाही पडून होते. उद्घाटनाचा मान घ्यायचा असेल तर हेही घ्यावं लागतं. उरणचे एक काका दोन वर्षांपूर्वी म्हणाले, "तुम्ही त्यांच्याबद्दल बोला, आम्ही पाच जणांबद्दल बोलतो, एकाच हॉलमध्ये." तेव्हापासून तसंच करतो. सुरुवातीला त्या पाच जणांसाठी दोन मिनिटं उभं राहतो. काहींना हे खटकतं. खटकू दे.

फोन खात्याचे मंत्रीही तेच होते का?

हो, १९९१ ते १९९३ नरसिंह रावांच्या सरकारात दळणवळण खातं त्यांच्याकडे होतं. पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ तोवर गल्लोगल्ली आले होते. मोबाइल सेवेसाठी खासगी कंपन्यांकडून निविदा मागवल्या गेल्या त्या १९९२ मध्ये. पहिला मोबाइल कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ ला, तेव्हा खातं दुसऱ्याकडे होतं. गंमत म्हणजे २००९ मध्ये सचिन पायलट राज्यमंत्री झाले ते याच खात्यात.

गृहखात्यात असताना काय झालं? चंद्रास्वामींचं प्रकरण काय होतं?

१९९३ ते १९९५ ते गृहखात्यात अंतर्गत सुरक्षेचे राज्यमंत्री होते. वरचे मंत्री आपले शंकरराव चव्हाण. शंकरराव म्हणजे हेडमास्तर, फाइल वाचल्याशिवाय मान न हलवणारे. पायलट म्हणजे सकाळी श्रीनगरला जाऊन लोकांत उभे राहणारे. दोघांचं फारसं जमायचं नाही, हे त्या काळच्या बातम्या वाचणाऱ्याला ठाऊक आहे. काश्मीर पेटलेलं, १९९३ च्या शरदात श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्याचा वेढा, मुंबईत मार्चच्या स्फोटांची जखम ताजी. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याची मुदत मे १९९५ मध्ये संपली तेव्हाही ते त्याच खात्यात होते.

चंद्रास्वामी हे तांत्रिक. बड्या नेत्यांत त्यांची ऊठबस होती, पंतप्रधानांपर्यंत. सप्टेंबर १९९५ मध्ये पायलटांनी त्यांच्या अटकेचे आदेश दिले. थोड्याच दिवसांत पायलटांचं खातं बदललं, पर्यावरण आणि वनं हाती आली. चंद्रास्वामींना अटक झाली ती १९९६ मध्ये, वेगळ्या फसवणुकीच्या खटल्यात.

कार्यक्रमात यावर टाळ्या पडतात. टाळ्या पडाव्यात असंच ते आहे. पण मला नेहमी वाटतं, त्यांनी त्या दिवशी जे केलं ते फौजी सवयीने केलं. दिसलं, कळवलं, आदेश दिला. त्या आदेशाआधी किती दारं ठोठवायची असतात हे राजकारणात पंधरा वर्षं काढलेल्याला ठाऊक नसेल असं नाही. ठोठवली नाहीत.

ते शरद पवारांच्या विरोधात उभे होते का?

पवारांच्या विरोधात म्हणण्यापेक्षा, एकाच वेळी दोघेही सीताराम केसरींच्या विरोधात. १९९७ ची काँग्रेस अध्यक्षपदाची निवडणूक. केसरींना ६,२२४ मतं, पवारांना ८८२, पायलटांना ३५४. आमच्याकडे येणारे पवारसाहेबांचे चाहते हा आकडा पटकन सांगतात. पायलट तिसरे आले. लोकसभेला ते एकूण सहा वेळा निवडून आले, १९८९ ला हरले, आणि पक्षात मात्र असे सपाटून पडले. लोकांतली ओळख आणि पक्षातली मतं यांचा हिशेब वेगळा असतो, हे महाराष्ट्रातल्या कुणाला वेगळं सांगायला नको.

राजीव गांधी पण पायलटच होते ना? आणि कलमाडी?

राजीव गांधी इंडियन एअरलाइन्सचे, म्हणजे प्रवासी विमानाचे वैमानिक. फौजी नव्हेत. काँग्रेसचे कॅप्टन सतीश शर्माही तसेच. पुण्याचे सुरेश कलमाडी मात्र हवाई दलाचे, खडकवासल्याच्या एनडीएतून गेलेले. १९९५-९६ मध्ये ते रेल्वे राज्यमंत्री होते. म्हणजे काही काळ एकाच सरकारात हवाई दलाचे दोन माजी वैमानिक होते.

या रांगेत सगळ्यात थोर मला बिजू पटनाईक वाटतात, आणि त्यांचं नाव कुणीच विचारत नाही. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात, मग भूमिगतांना मदत केली म्हणून तुरुंगात. १९४७ च्या जुलैत डाकोटा विमान घेऊन गेले आणि डचांच्या वेढ्यातून इंडोनेशियाचे नेते सुतान शहरीर यांना घेऊन आले. पुढे केंद्रात पोलाद खात्याचे मंत्री, ओडिशाचे दोनदा मुख्यमंत्री. त्यांच्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवावी असं चार वर्षं म्हणतोय. हॉलचं भाडं वाढलंय.

त्यांचा मृत्यू कसा झाला?

११ जून २०००, रविवार. दौसाजवळ भंडाना इथे त्यांची जीप आणि राजस्थान परिवहनची बस यांची धडक झाली. जीप ते स्वतः चालवत होते. वय पंचावन्न.

एका वर्षी एका पाहुण्यांनी भाषणात म्हटलं की ज्याने देशाला रस्त्याचा कायदा दिला त्यालाच रस्त्याने नेलं. लोक हळहळले. मला ते वाक्य आवडलं नाही. रस्ता कुणाला नेत नाही. दुभाजक नसलेला दुपदरी महामार्ग, समोरून येणारी बस, पुढे गाठायची वेळ. अशी माणसं आपल्याकडे रोज जातात आणि त्यांच्यावर वाक्यं होत नाहीत. महाराष्ट्राला गोपीनाथ मुंडे आठवतात, ३ जून २०१४, दिल्लीतला सिग्नल, केंद्रीय मंत्री होऊन आठवडाच झालेला. तेव्हाही आठवडाभर मागच्या सीटच्या बेल्टबद्दल बोललो. तुमच्या गाडीत मागे बसणारा आज बेल्ट लावतो का, हे मी हॉलमध्ये हात वर करून विचारतो. हात वर होतात ते मोजके, आणि त्यातले दोन खोटे असतात.

पुढच्या पोटनिवडणुकीत दौसातून त्यांच्या पत्नी रमा पायलट निवडून आल्या. २००४ मध्ये तिथूनच सचिन, वय सव्वीस. २०१२ मध्ये ते प्रादेशिक सेनेत अधिकारी झाले.

हॉलच्या भिंतीवर तो रस्त्यांचा नकाशा कशाला लावता?

दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा आहे. त्याचा सोहना ते दौसा हा टप्पा १२ फेब्रुवारी २०२३ ला खुला झाला, आणि आपल्याकडचं टोक ठाणे जिल्ह्यातून बदलापूरच्या डोंगराखालून बोगद्याने येऊन न्हावा-शेव्याला टेकणार आहे. दौसा आणि न्हावा-शेवा एकाच रस्त्यावर येणार. मी दोन टाचण्या लावल्यात. मुलं येतात आणि टाचण्या काढून घेतात, म्हणून आता स्केचपेनने गोल केलेत.

तुम्ही काँग्रेसवाले का?

नाही. आमच्यात सगळे आहेत. शिवसेनेचे दोन्हीकडचे आहेत, कमळवाले आहेत, शेकापचे एक आजोबा आहेत, आणि कुणालाच मत न देणारे आहेत. नियम एकच, हॉलमध्ये आजच्या निवडणुकीवर बोलायचं नाही. नियम दरवर्षी मोडतो. मोडणाऱ्याने चहाचे पैसे द्यायचे असं ठरलंय, त्यामुळे चहा कधी कमी पडला नाही.

कार्यक्रमात काय असतं? हार, दीपप्रज्वलन वगैरे?

फोटो असतो, हार नसतो. पहिल्या वर्षी हार होता, पण हार घालायला कोण जाणार यावर वीस मिनिटं गेली. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही, 'आपल्या मनोगतातून दोन शब्द' नाहीत. साडेसहाला सुरू, दोन मिनिटं उभं राहणं, अर्धा तास मी बोलतो, मग प्रश्न. साडेआठला बटाटवडा. कोलशेतच्या हवाई दल केंद्राच्या बाजूला राहणारे ठाण्याचे काही निवृत्त सहकारी ठाणे-नेरुळ लोकलने येतात. ते उशिरा येतात आणि वड्याला वेळेवर असतात.

मुलीला हवाई दलात जायचंय. तिला आणू का?

जरूर आणा, पण करिअर मार्गदर्शन म्हणून नको. थोडक्यात सांगतो. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स ठेवा, एनडीएची परीक्षा आता मुलींनाही खुली आहे. पदवीनंतर एएफकॅट, ही हवाई दलाची अधिकारी भरतीची परीक्षा. मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, दहावीनंतर दोन वर्षं. मुलींसाठी तशीच नाशिकला. डोळे आधी तपासून घ्या. बाकी मुलीला मला थेट विचारू दे. आईवडील विचारतात तेव्हा उत्तर पगाराबद्दल द्यावं लागतं, मुली विचारतात तेव्हा विमानाबद्दल.

११ जूनला धो धो पाऊस असला तर?

मृग लागून तीन-चार दिवस झालेले असतात, तेव्हा असतोच. कार्यक्रम होतो. एका वर्षी हार्बर लाइन बंद पडली आणि आम्ही सातच जण होतो. त्यातले तीन उरणचे, ते सकाळीच आलेले. तीस वडे सात जणांत संपवले. छत्र्यांसाठी दाराशी बादली ठेवतो. चपला आत आणून भिंतीला लावा, बाहेर ठेवल्या तर वाहून जातात.